टोकाचा द्या, फोमचा घ्या

आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका रोज संध्याकाळी साडेपाच वाजता स्वतःच्या बायकोच्या हातून बाण खात असत. ही ऐकीव गोष्ट नाही, मी डोळ्यांनी पाहिली आहे. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या घरी ते अंगणात बनियन काढून भिंतीला पाठ टेकवून उभे राहत. काकी तांदूळ निवडायचं सूप बाजूला सारून उठत, पदर खोचत, बांबूचं धनुष्य उचलत आणि पाच पावलांवरून एकामागून एक पंधरा-वीस बाण त्यांच्या छातीपोटावर सोडत. बाणांच्या टोकाला फोमचे गोळे असत. बाण लागला की काका डोळे मिटून जरा विचार करत आणि निकाल देत, "बरा आहे." नाहीतर, "कडक आहे, बाजूले ठेव." काकींचा नेम पक्का होता. काका ज्या दिवशी सांगितलेली भाजी आणायची विसरत, त्या दिवशी कडक बाण जास्त निघत, हेही माझं निरीक्षण आहे.

"अंगावर घेतल्याबिगर घराबाहेर नाई," असा त्यांचा नियम होता. वीस बाण खाऊन झाले की ते बनियन चढवत आणि पोटावरचे लाल ठिपके चोळत चहा मागत.

मी गोंदियातल्या त्या खाजगी दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. दोन हजार दोन साल असेल. माझ्याकडे डिप्लोमा होता आणि डिप्लोम्याचा तोरा होता. काका तिथे तीस वर्षांपासून डोळ्यांत थेंब टाकत होते आणि त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रांगेतल्या पेशंटांना सांगितलं, "हे आपल्या नंबरवाल्या मॅडम. यायच्या समोर खोटं नाई बोलाचं. दिसत नाई त दिसत नाई म्हनाचं." पुढे सात वर्षं मी 'मॅडम'च राहिले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

थेंब टाकायची त्यांची एक पद्धत होती. खेड्यावरून आलेली म्हातारी डोळा घट्ट मिटून घ्यायची. काका तिला वर पाहायला सांगायचे, "वर पाय, माय. आकाशात पाय." ती म्हणायची, "वर त पंखा आहे." "मंग पंख्यात पाय. पंखा तुले काई मांगून नाई राहिला." म्हातारी हसायची, डोळा उघडायचा, थेंब बरोबर आत.

डॉक्टर हिंदीत बोलत. पेशंटला ते मराठीत समजावून सांगायचं काम काकांचं. पण काका नुसता निरोप पोचवत नसत, त्यात भर घालत. डॉक्टर म्हणत, "दो दिन सिर पर पानी नहीं।" काका सांगत, "डॉक्टर सांगून राहिले का दोन दिवस डोक्यावरून पानी नाई घ्याचं, अन् सुनेसंग भांडन नाई कराचं. भांडनानं डोळा लाल होते." एका सुनेनं तर डॉक्टरांना हात जोडून विनंती केली होती की हे औषध महिनाभर वाढवून द्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. काका तेवढ्यापुरते ड्रेसिंगच्या खोलीत निघून गेले होते.

आता बाणांचं. आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास गल्लीगल्लीत पोरांच्या हातात धनुष्य येतं. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांनी ते वेड आणखी वाढवलं. बुरडाकडून बांबूची कमची आणायची, सुतळी ताणून बांधायची, की झालं धनुष्य. बाण म्हणजे टोकदार तासलेली काडी. मग दरवर्षी त्या आठवड्यात एखादं लेकरू डोळ्यावर हात धरून दवाखान्यात यायचं. माझ्या पहिल्याच वर्षी दहा वर्षांचा एक मुलगा आला. मी त्याचा हात बाजूला केला आणि माझा सगळा डिप्लोमा पायांतून खाली गेला. डॉक्टरांनी त्याला तासाभरात नागपूरला पाठवलं. डोळा वाचला नाही. मी मागच्या पायऱ्यांवर बसून रडत होते, तेव्हा काका शेजारी येऊन बसले.

"डोळा फुटल्याचा आवाज नाई येत, मॅडम," ते म्हणाले. "फटाका फुटला त अख्खी गल्ली धावते. डोळ्याचा आवाज येत नाई. म्हनून लोकायले भेव नाई वाटत."

त्यानंतर त्यांनी बाण बनवायला घेतले. पोरांना 'धनुष्य टाकून द्या' म्हणून सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांना स्वतःच्या लहानपणावरून माहीत होतं. पोरं टाकून देणार नाहीत, फक्त लपवतील. तेव्हा बाणच बदलायचा. आणि तो इतका स्वस्त करायचा की फुकट वाटताना हात आखडायला नको.

त्यांचा बाण म्हणजे दवाखान्यातला आणि बाजारातला कचराच होता. काडी बुरडाच्या उरलेल्या कमच्यांची, चाकूने गोल तासलेली. तिचं एक टोक निमुळतं करून त्यावर डोळ्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण बसवलेलं, म्हणजे काडी फोममधून आरपार येऊ नये. टोपणावर फोमचा गोळा. हा फोम स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडच्या कातरणांतून निवडलेला. शेपटाला पिसं हवीत. काकांनी ती औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनी टाकलेल्या औषधांच्या जाड, गुळगुळीत जाहिरातींतून कापली. त्यामुळे त्या काळात कुडव्याच्या आकाशात काचबिंदूच्या जाहिराती उडत असत.

एकदा डॉक्टरांनी उपकरणं उकळायचं भांडं उघडलं तर आत कात्र्या-चिमट्यांबरोबर तीस टोपणं आणि फोमचे गोळे तरंगत होते. डॉक्टर भांड्याकडे पाहत राहिले.

"आपने फोम उबाला है?"

"निर्जंतुक केला जी. पोट्टे तोंडात टाकतात."

डॉक्टरांनी झाकण परत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी काकांसाठी वेगळं भांडं आणून दिलं. चिडले म्हणावं तर चिडले, मदत केली म्हणावं तर मदतही केली.

सुरुवातीला पोरांनी ते बाण हातातही धरले नाहीत. काका दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी लुनाला बाणांचा भारा बांधून, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांसारखे गल्लीत ओरडत फिरले, "टोकाचा द्या, फोमचा घ्या!" पोरं जमली. एकानं बाण हातात घेऊन दाबून पाहिला.

"काका, हा त घुसतच नाई."

"घुसाले कायले पाहिजे?"

"मंग मजा काय?"

या प्रश्नानं काकांची झोप उडवली. एका रविवारी ते दुपारभर रस्त्याच्या मोरीवर बसून पोरांचा खेळ बघत राहिले. सोमवारी मला म्हणाले, "मॅडम, पोट्टे घुसन्यासाठी नाई भांडत. 'लागला' अन् 'नाई लागला' यासाठी भांडतात. अर्धा वेळ खेळ, अर्धा वेळ कोर्ट." मग त्यांनी फोम कोरड्या तांदळाच्या पिठात बुडवून दिला. बाण लागला की कपड्यावर गोल पांढरा ठप्पा. वाद मिटला. आठ दिवसांत पोरं काकांच्या लुनामागे धावू लागली. टोकाचा बाण म्हणजे मागासलेपणाची खूण ठरली. आया मात्र कपडे धुऊन वैतागल्या. एकीनं काकांना रस्त्यात अडवून विचारलं, "भाऊजी, तुमच्या घरी धान जास्त झाला का?"

धानाचाच विषय निघाला आहे तर त्यांच्या गोंदाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फसलं. काका गोंद विकत घेत नसत. टोपण काडीला आणि फोम टोपणाला ते भाताच्या खळीनं चिकटवत. मी म्हटलं होतं, दुकानात चांगला गोंद मिळतो. ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जणू मी नदीकाठी राहून पाणी विकत घ्यायला सांगते आहे. "धानाच्या मुलखात गोंद विकत घ्याचा? आमच्या बापानं पतंग याच खळीनं चिकटवले." वहीबांधणीवाले खळीत मोरचूद टाकतात, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. काकांना तेही ठाऊक होतं. पण मोरचूद विषारी, आणि बाण पोरांच्या तोंडात जाणार. म्हणून ते टाकत नसत. त्यांचा प्रत्येक निर्णय पोरांचा विचार करूनच घेतलेला असे. चूकसुद्धा तशीच झाली.

तीन वर्षं सगळं छान चाललं. तिसऱ्या वर्षी तर बाणाचा एकही डोळा दवाखान्यात आला नाही. काकांनी डॉक्टरांना, मला आणि झाडूवाल्या बाईला रबडी खाऊ घातली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं मग झालं. चौथ्या वर्षी काकांनी बाण आणखी पक्का करायचा म्हणून खळीत गूळ घातला. आणि पोरांना जास्त दिवस खेळता यावं म्हणून बाण दसऱ्याला नव्हे, घट बसले त्याच दिवशी वाटून टाकले. एकशे अठ्ठावीस बाण. जितके दिले तितके टोकाचे बदल्यात घेतले, ते पोत्यात बांधून घरी ठेवले.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले, तर काका खिळ्याला टांगलेल्या नमुन्याच्या बाणासमोर उभे होते. बाणावरून मुंग्यांची रांग खाली फरशीपर्यंत आली होती. काकांनी बाण काढला, फुंकर मारली, फोमला बोट लावलं. फोम गळून पडला. त्याच्यामागून टोपण निघून खाटेखाली घरंगळलं. हातात उरली ती नुसती काडी. टोपण नीट बसावं म्हणून काकांनी स्वतः चाकूनं निमुळती केलेली, पेन्सिलीसारखी टोकदार काडी.

त्यांना जे समजलं तेच मलाही समजलं होतं. पोरांकडून टोकाचे बाण घेऊन त्यांनी टोकाचेच बाण दिले होते, आणि वर त्यांना सांगितलं होतं की हे कोणावरही मारा, काही होत नाही.

"मॅडम, चला," एवढंच ते म्हणाले. आणि लुना काढायला धावले.

त्या दिवशी मी लुनाच्या मागच्या सीटवर रिकामं पोतं घेऊन अख्खं कुडवा पालथं घातलं. आयुष्यात इतक्या लोकांनी मला एका दिवसात 'नाही' म्हटलेलं नाही. चार वर्षं खपून ज्या बाणाची गोडी लावली, तो पोरं परत द्यायला तयार नव्हती. एकजण बाण चड्डीत खोचून झाडावर चढला. एकीनं सांगितलं, हरवला, आणि तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून काचबिंदूची जाहिरात डोकावत होती. एका घरी आजोबांनी पाठ खाजवायला बाण उशाशी ठेवला होता; ते म्हणाले, मी तर कोणाच्या डोळ्यात मारत नाही, माझा कशाला नेता? काकांनी तोही घेतला. "उद्या नातू उचलते," म्हणाले.

सगळ्यात मोठी पंचाईत एका शेतकऱ्याच्या घरी झाली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या घरी पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला होता आणि मधोमध काकांचा बाण. फोमवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. घरधनी म्हणाला, "कंपोडर साहेब, पूजेत बसलेलं हत्यार उद्यापर्यंत हालवता येत नाई. तुमीच सांगा."

काका धार्मिक होते. ते पाटासमोर बसले, नमस्कार केला, बाणाला हात न लावता नुसतं झेंडूचं फूल उचललं. फुलाबरोबर फोम वर आला, टोपण पाटावर पडलं, आणि काडीचं टोक सगळ्यांना दिसलं. घरधन्याची लहान मुलगी शेजारीच बसून पाहत होती. त्यानं एकदा टोकाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि देवाची क्षमा मागून बाण स्वतःच मोडला.

दिवस मावळायच्या आत पोत्यात एकशे सत्तावीस बाण जमले. एक कमी. आम्ही दोनदा मोजले. काकींनी तिसऱ्यांदा मोजले. पुलाजवळच्या एका मुलाचा बाण हातोहात कुठे गेला, ते त्याला आठवत नव्हतं. तो रडायला लागला, तेव्हा काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला सोडून दिलं.

दसऱ्याला दवाखाना बंद होता. तरी मी सकाळी गेले. काका बाकावर बसून होते, दार उघडं टाकून, पायाशी घरून आणलेलं बाणांचं पोतं. मी म्हटलं, एकच तर आहे, मोडूनही गेला असेल. ते म्हणाले, "डोळाही एकच लागते, मॅडम." मला त्यांचा राग येत होता, खळीचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. गूळ घालताना मी शेजारी उभी होते आणि मी त्याची चव घेतली होती.

बाराच्या सुमाराला ऑटो थांबला. एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उतरली. मुलीनं डाव्या डोळ्यावर तळहात दाबला होता. बाईच्या दुसऱ्या हातात बाण होता. जवळच्या नागऱ्याहून आली होती. तिच्या बहिणीचं पोर कुडव्याला, त्याच्याकडून तो बाण तिच्या घरी गेला होता आणि खेळताना पोरीच्याच डोळ्यावर बसला होता.

काका उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी पेशंटकडे पाठ केल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

मुलीचा हात मीच काढला. पापणी सुजलेली, सगळं पिठानं पांढरं, डोळ्यातून धारा. मी डोळा धुतला. वर राहणारे डॉक्टर तेवढ्यात खाली आले. त्यांनी पिवळा थेंब टाकला, निळा दिवा लावला आणि किती वेळ वाकून पाहत राहिले, देव जाणे. कुठे ओरखडा असला तर त्या उजेडात तो हिरवा चमकतो. काही चमकलं नाही. मग मी तिला तक्त्यासमोर बसवलं, उजवा डोळा झाकला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फिरवलेल्या 'E' अक्षरांच्या तोंडाची दिशा बोटानं दाखवायला सांगितली.

"हा कुठं पाहून राहिला?"

"वर."

"हा?"

"भिंतीकडे. त्या काकाकडे."

शेवटच्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही. डॉक्टर म्हणाले, "आँख एकदम ठीक है।" काकांच्या खांद्यांकडे पाहून मला कळलं की ते रडत आहेत.

मग ते वळले. त्यांनी बाईच्या हातून बाण घेतला आणि फोम ओढला. निघाला नाही. जोरानं ओढला, तरी नाही. खिडकीजवळ नेऊन त्यांनी पीठ झटकलं. फोमच्या बुडाला, टोपणासकट काडीवर, बारीक दोऱ्याचे वेढे होते. इतके सारखे आणि घट्ट की गाठ कुठे आहे ते दिसत नव्हतं.

"हे कोनं बांधलं?"

"मी," बाई म्हणाली. "मुंग्या लागल्या होत्या, हालून राहिला होता. पोरीच्या हातात कसा देऊ? बिड्या बांधते मी घरी. दोरा जवळच होता." मग तिनं डोळे बारीक करून विचारलं, "हा तीर बनवला कोनं?"

काकांनी लपवलं नाही. "मी बनवला, बाई."

तिनं त्यांना नीट पाहून घेतलं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशातला टॉर्च.

"तुमाले दोरा नाई भेटला का?"

डॉक्टर एकदम खोकले आणि वर निघून गेले. काकांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधून टाके घालायचा दोरा आणला, पोत्यातल्या तीन काड्या, टोपणं आणि फोम काढला, आणि बाकावर बसलेल्या त्या बाईसमोर जमिनीवर मांडी घातली. "दाखव," म्हणाले.

तिनं दाखवलं. वेढा, वेढा, वेढा, आणि शेवटचं टोक नखानं आत दाबून. इतक्या झटकन की मलाही कळलं नाही. काकांनी पहिला बांधला. तिनं घेतला, अंगठ्यानं दाबला, फोम सरकला.

"छाट," ती म्हणाली, आणि बाण बाजूला टाकला. "आमची एक बिडी सुटली त ठेकेदार बिड्यायचा अख्खा कट्टा छाटते. बांधा दुसरा."

काकांनी दुसरा बांधला. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधणारा माणूस, जीभ दातांत धरून.

"छाट."

तिसऱ्याला त्यांनी बराच वेळ घेतला. मी, ऑटोवाला आणि ती मुलगी, आम्ही तिघं वाकून बघत होतो. बाईनं बाण घेतला, ओढला, पिळला, फरशीवर दोनदा आपटला, दातात धरून खेचून पाहिला. मग तिनं तो आपल्या मुलीच्या हातात दिला.